तेवीस नंबरची कॅसेट

रविवारी सकाळी पुण्याच्या जुन्या बाजारात शिरलं की डोळ्यांच्या आधी नाकाला कळतं आपण कुठे आलोय ते. गंजलेलं लोखंड, ग्रीस, ओलं रेक्झिन आणि कुठूनतरी येणारा आल्याच्या चहाचा वास. मंगळवार पेठेतला हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. "काही घ्यायचं नाही, नुसता चक्कर मारून येतो," असं घरी सांगून मी जातो. घरचेही विश्वास ठेवल्यासारखं करतात.

परवा एका ताडपत्रीवर मिक्सरची तीन भांडी, बिनपट्ट्यांची घड्याळं आणि एक दुर्बीण मांडली होती. त्यांच्या मधोमध पिवळ्या प्लास्टिकचा चौकोनी तुकडा पालथा पडला होता. पाठीवर लाल नेलपॉलिशने आकडा काढलेला: २३.

मी तो उचलला नाही. आधी दुर्बीण उचलली. हा इथला पहिला धडा आहे. जे हवंय त्याला हात लावायचा नाही. दुर्बिणीचा भाव केला, नाक मुरडलं, घड्याळं चाळली आणि मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "हे काय आहे?"

"गेम आहे साहेब. टीव्हीला लावायचा."

"चालतो का?"

"टीव्ही आणा, लावून दाखवतो."

दोनशेवरून गाडी सत्तरवर आली. मागे एक पोतं होतं, त्यावर कोपर टेकून तो म्हणाला, "अजून माल आहे यात. काढू का?" भाव वाढू नये म्हणून मी चेहरा शक्य तितका मठ्ठ ठेवला. "नको हो. पोराला दाखवायला एक बास."

सत्तर रुपये दिले आणि तिथून सटकलो.

आता त्या नेलपॉलिशबद्दल. नव्वदच्या दशकात सांगलीत आमच्या घराजवळ एका काकांचं व्हिडिओ कॅसेट लायब्ररीचं दुकान होतं. सिनेमांचा धंदा केबलने खाल्ला, तेव्हा त्यांनी मागच्या खोलीत दोन टीव्ही मांडले आणि तासावर व्हिडिओ गेम सुरू केला. ज्यांच्याकडे स्वतःचं मशीन होतं, त्यांना गेमच्या कॅसेट रात्रभर भाड्यानेही मिळायच्या. कॅसेटवरचं चित्र आणि आतला गेम यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नव्हतं. बाहेर बॅटमॅन आणि आत टँक, हे नेहमीचं. त्यामुळे काका नावावर विसंबत नसत. काकूंच्या नेलपॉलिशने पाठीवर नंबर घालायचे आणि वहीत त्या नंबरासमोर आत खरं काय आहे ते लिहायचे. अशी पद्धत बऱ्याच दुकानांत असावी, म्हणजे माझी पिवळी कॅसेट आमच्या काकांचीच असेल असं अजिबात नाही. पण ती भाड्याने फिरलेली होती हे नक्की. घरातल्या कॅसेटवर कुणी तेवीस कशाला लिहील?

कार्ट्रिज हा शब्द मला फार उशिरा कळला. आम्ही कॅसेटच म्हणायचो. कंट्रोलरला रिमोट आणि मशीनला नुसतं 'व्हिडिओ गेम'. पुढे इंग्रजी वाचून मी स्वतःला सुधारलं आणि त्याहून पुढे जपानला गेलो तर तिथे सगळे म्हणतात 'कासेत्तो'. म्हणजे आम्हीच बरोबर होतो.

मी टोकियोत पोचलो तो कंपनीच्या कामासाठी. राहायला निशी-कासाई, म्हणजे एदोगावा वॉर्डातला तो भाग जिथे सोमवारी सकाळी मेट्रोच्या फलाटावर मराठी, तेलुगू आणि हिंदी एकाच वेळी ऐकू येतं. पहिल्याच शनिवारी अकिहाबारा गाठलं. सुपर पोटॅटो नावाचं जुन्या गेमचं प्रसिद्ध दुकान तिथे आहे. अरुंद जिन्याने वर चढत जायचं. फॅमिकॉमच्या, म्हणजे निन्टेन्डो कंपनीच्या जपानी मशीनच्या, कॅसेट रंगीबेरंगी असतात, लाल, निळ्या, हिरव्या, पिवळ्या, आणि भिंतभर त्या ओळीने लावलेल्या पाहिल्यावर मला रंगपेटीच आठवली. प्रत्येक पारदर्शक पिशवीत, वर किमतीचं चिकटवलेलं. शेजारी जगभरचे पर्यटक टोपल्या घेऊन. मी दोन किमती वाचल्या आणि खाली उतरलो.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला हे सांगितलं तर तो हसला. वय माझ्याएवढंच, स्वतः शाळेपासून कॅसेट जमवणारा. त्याचं म्हणणं असं की अकिहाबारात कॅसेट सापडत नाहीत, तिथे त्या पोचतात. सापडतात जिथे घरं रिकामी होतात तिथे.

मग त्याच्या गाडीतून आम्ही दीड तास लांब, शेतांच्या कडेला असलेल्या एका हार्ड ऑफमध्ये गेलो. हार्ड ऑफ ही जुन्या वस्तूंच्या दुकानांची साखळी, पहिलं दुकान १९९३ साली नीगातात निघालं. पुढच्या बाजूला काचेच्या कपाटात कॅमेरे, गिटारी, टाळेबंद आणि नीट. मागच्या बाजूला 'जंक' विभाग. तिथे निळ्या प्लास्टिकच्या पेट्या असतात, आपल्याकडे मासळीबाजारात असतात तशा, आणि त्यात रिमोट, वायरी, चार्जर, कॅसेट सगळं ओतलेलं. चालेल याची हमी नाही, परत घेणार नाही, प्रत्येकी ११० येन. म्हणजे आपले साठ-पासष्ट रुपये. जुन्या बाजारातलाच भाव, फक्त इथे घासाघीस नाही आणि पावती मिळते. जपानमध्ये जुन्या मालाचा व्यापार करायला परवाना लागतो.

मी गुडघ्यावर बसून पेटी उपसायला लागलो. वरच्या थरात सगळं बेसबॉल आणि माजाँग. हे गेम त्या काळी अफाट खपले, म्हणून आज त्यांना कुत्रं विचारत नाही. आपल्याकडे रद्दीत दहावीची गाइडं जशी. त्याखाली घोड्यांच्या शर्यती. आणखी खाली हात गेला की बोटांना प्लास्टिकच्या कडा नुसत्या स्पर्शाने ओळखू यायला लागतात. प्रत्येक कंपनीचा साचा थोडा वेगळा. आयरेम कंपनीच्या सुरुवातीच्या काही कॅसेटमध्ये तर एक चिमुकला लाल दिवा असतो, मशीन चालू केलं की तोही लागतो. तसली एक मिळावी म्हणून मी सहा दुकानं फिरलो.

आणि नावं. कॅसेटच्या पाठीवर मार्करने, मुलाच्या नाहीतर त्याच्या आईच्या अक्षरात, नाव. कधी इयत्ता आणि तुकडीसुद्धा. मित्राकडे खेळायला नेली की बदलू नये म्हणून. ऑनलाइन विकताना 'नाव लिहिलेलं आहे' ही तिथे वेगळी खोट म्हणून सांगावी लागते आणि किंमत उतरते. मी मात्र मुद्दाम नावाच्या घ्यायला लागलो. स्वस्त पडतात, हे कारण मी सहकाऱ्याला सांगितलं.

त्याने सांगितलेली घरं रिकामी होण्याची गोष्ट पुढे मला आकड्यांत भेटली. २०२३च्या गृहगणनेत जपानमध्ये सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली, दर सात-आठ घरांमागे एक. मुलं शहरात, आईवडील म्हातारे, मग एक दिवस ते गेले की सामान काढणाऱ्या कंपनीचा ट्रक येतो. कपाटाच्या वरच्या खणात पुठ्ठ्याचं खोकं असतं. त्यात १९८३ च्या जुलैत १४,८०० येनांना आलेलं लाल-पांढरं मशीन आणि वीसेक कॅसेट. मुलगा आता पन्नाशीचा, त्याला फोन करून विचारतात, तो म्हणतो काढून टाका. तिथून हार्ड ऑफची निळी पेटी. तिथून कुणीतरी चांगलं ते वेचून पुढच्या शहरात नेतो आणि शेवटी अकिहाबाराच्या भिंतीवर पारदर्शक पिशवी. प्रत्येक पायरीवर एक शून्य वाढतं म्हणा.

त्या पेटीतून मला 'ड्रॅगन क्वेस्ट ३' मिळाला. १९८८ सालचा, जपानी मुलांनी शाळा बुडवून रांगा लावल्या होत्या तो. त्याच्या आधीच्या दोन भागांत खेळ जिथे थांबवला तिथला लांबलचक परवलीचा मंत्र कागदावर उतरवून घ्यावा लागे. तिसऱ्यात कॅसेटच्या आत नाण्याएवढा सेल घातला, आणि त्याच्या जिवावर तुमची प्रगती आतच साठून राहायला लागली. मी शनिवारी रात्री शब्दकोश मांडीवर घेऊन दोन तास खेळलो, जेमतेम पहिल्या गावाबाहेर पडलो, राजाला सांगून नोंद करून घेतली आणि झोपलो. रविवारी मशीन लावलं तर एकदम अंगावर काटा येईल असं भेसूर संगीत वाजलं आणि काळ्या पडद्यावर एक वाक्य उमटलं. फोटो काढून सहकाऱ्याला पाठवला. त्याचं उत्तर ताबडतोब, नुसती हसरी तोंडं. सोमवारी त्याने ते वाक्य मला पाठ म्हणून दाखवलं: वाईट वाटतं, पण तुमची साहसाची वही क्रमांक एक पुसली गेली आहे. त्यांच्या पिढीतल्या कुणालाही हे अर्ध्या झोपेत म्हणता येतं म्हणे. सेल तीस वर्षांचा होता. माझ्या दोन तासांचं ओझंही त्याला पेललं नाही.

आता न उघडलेल्या कॅसेटविषयी, कारण जमवणाऱ्यांत दोन जाती आहेत आणि खरा पैसा दुसऱ्या जातीत आहे.

अमेरिकेत या मशीनचा अवतार वेगळा, कॅसेट आकाराने मोठी आणि राखाडी, साठ पिनांऐवजी बहात्तर पिनांची, आणि पुठ्ठ्याच्या डब्याला कारखान्यातच प्लास्टिक घट्ट बसवलेलं. ते प्लास्टिक शाबूत असेल तर आतल्या खेळाला फारसा अर्थ उरत नाही. २०२१च्या एप्रिलमध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स'चा असा एक डबा ६,६०,००० डॉलरला लिलावात गेला. १९८६ मध्ये नाताळची भेट म्हणून घेतलेला, टेबलाच्या खणात राहून गेलेला. त्याच जुलैत दोन दिवसांच्या अंतराने 'झेल्डा' ८,७०,००० ला आणि 'सुपर मारिओ ६४' तब्बल १५ लाख ६० हजार डॉलरला. पहिला मारिओ सगळा मिळून ४० किलोबाइटचा आहे. फॅमिली ग्रुपवर येणारा सुप्रभातचा गुलाब त्याहून जड असतो.

मला स्वतःला यापेक्षा नेवाडातल्या रीनो शहरातली गोष्ट जास्त आवडते. २०१९ साली तिथल्या एका गृहस्थाला लहानपणच्या घराच्या माळ्यावर पिशवीत 'किड इकारस' मिळाला, न उघडलेला. सोबत जे. सी. पेनी दुकानाची पावती, डिसेंबर १९८८, ३८ डॉलर ४५ सेंट. लिलावात ९,००० आले. तारीख पाहा, डिसेंबर. मुलासाठी आणला, मुलाला दिसू नये म्हणून लपवला आणि लपवलेलं विसरलं, याशिवाय दुसरं काही मला तरी सुचत नाही. न उघडलेल्या बहुतेक डब्यांचं असंच काहीतरी असणार. दुकान बंद पडलं तेव्हा गोदामात राहिलेला माल सोडला, तर घरातून निघालेला प्रत्येक कोरा डबा म्हणजे कुणालातरी न मिळालेली भेट. एवढ्या हट्टाने मागितलेली वस्तू हातात आली आणि पोराने ती उघडली नाही, असं होईल का?

न्यू जर्सीत माझा एक वर्गमित्र असतो. शनिवारी सकाळी तो लोकांच्या गॅरेज सेल धुंडाळतो. त्याने मला शिकवलं की निन्टेन्डोच्या अमेरिकी डब्यावर प्लास्टिकचा जोड मागच्या बाजूला आडवा येतो आणि कडेच्या जोडांशी मिळून त्याचा इंग्रजी एच होतो. कडेला नुसती वितळवून चिकटवलेली शिवण असेल तर डबा कुणीतरी पुन्हा गुंडाळलेला. प्लास्टिक आकसवणारं यंत्र काही महाग नसतं, मिठाईवाल्यांकडेही असतं.

हे त्याने शिकवायच्या आधीच मी शिकून बसलो होतो. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून न उघडलेला 'मेट्रॉइड' घेतला, अकरा हजार रुपयांना. तेव्हाच कळायला हवं होतं, खरा कोरा असता तर त्या पैशात डब्याचं झाकणही आलं नसतं. आला तो दिसायला सुरेख. दोन महिने कपाटात उभा होता. पण संशय एकदा शिरला की जात नाही आणि या संशयाची गंमत अशी की तो फेडायचा तर डबा उघडावाच लागतो, आणि खरा निघाला तर उघडल्याक्षणी तो कोरा राहत नाही. एका रात्री मी ब्लेड चालवलं. ती कॅसेट खोलायला साधा स्क्रू ड्रायव्हर चालत नाही, ३.८ मिलिमीटरचा खास खाचेचा लागतो, तोही मागवून ठेवला होता. मूळ कॅसेटच्या पट्टीवर काळ्या, पायांच्या चिप असतात, गोमेसारख्या. इथे हिरव्या पट्टीच्या मधोमध वाळलेल्या डांबराचा थेंब असावा तसा काळा ठिपका. मला हसूच आलं. सांगलीत दीडशे रुपयांच्या कॅसेट फुटायच्या तेव्हा आत अगदी हाच ठिपका असायचा. अकरा हजार देऊन मी माझं लहानपण विकत घेतलं होतं, फक्त पॅकिंग अमेरिकी.

कारण आमच्याकडे आलेलं सगळंच नक्कल होतं. समुराई, मीडिया, लिटिल मास्टर ही नावं ज्यांना आठवतात त्यांच्या घरी फॅमिकॉमची सावली होती, साठ पिनांची. 'टँक' म्हणजे नामको कंपनीच्या १९८५च्या 'बॅटल सिटी'ला कुणीतरी केलेली ठिगळं. आणि ती '९९९९९९ इन १' ची पाटी, जिच्यात खरे खेळ वीस-पंचवीस, बाकी तेच पुन्हा, फक्त वेगळ्या पातळीपासून सुरू होणारे. आम्ही शंभराच्या पुढे जाऊन खात्री करायचो. दहा लाख खेळांत एखादा तरी नवा निघेलच की!

त्यामुळे भारतात कोरी कॅसेट शोधणं हा प्रकार थोडा विनोदीच आहे. आपल्याकडे कॅसेट कोरी राहायला तिला वेळच मिळाला नाही. जुनी देऊन वर वीस-तीस रुपये टाकले की दुकानदार दुसरी द्यायचा. एक कॅसेट गल्लीतल्या आठ घरांत फिरायची, प्रत्येक घरात तिच्यात फुंकर मारली जायची. फुंकरीने ती चालते असं वाटायचं. खरं तर काढून पुन्हा बसवल्यामुळे पिना नीट लागायच्या, तोंडातल्या ओलाव्याने उलट तांबं खराब व्हायचं. तरीही कॅसेट हातात आली की माझा गाल आधी फुगतो. लॅमिंग्टन रोडवरच्या किंवा तालुक्याच्या गावातल्या एखाद्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाचा पोटमाळा उतरवला तर डझनभर बंद पाकिटं निघतात, असं मी ऐकतो आणि दोनदा पाहिलंही आहे. पाकीट म्हणजे पातळ पुठ्ठा, आत पॉलिथिन. त्याला एच नाही आणि झेडही नाही. चोर बाजारात शुक्रवारी पहाटे विजेरी घेऊन फिरणारे मित्र आहेत, त्यांचा अनुभवही हाच की मशीन मिळतं, रिमोटची वायर तुटलेली मिळते, कॅसेट मिळाली तर एखाददुसरी.

आणि सांगलीत तर तेही नाही. २००५ ला कृष्णेचं पाणी आलं, २०१९ ला त्याहून जास्त आलं. पाणी उतरल्यावर आमच्या गल्लीत प्रत्येक दारासमोर गाद्या, वह्या, फोटोंचे अल्बम आणि टीव्ही यांचा चिखलात लिंपलेला ढीग होता. महापालिकेच्या गाड्या येऊन तो उचलून गेल्या. आमचं मशीन त्यातच होतं. आईने फोनवर सांगितलं तेव्हा मी निशी-कासाईतल्या खोलीत होतो आणि समोर पलंगावर परक्या पोरांची नावं लिहिलेल्या बावीस कॅसेट मांडलेल्या होत्या. मी म्हटलं, "जाऊ दे गं, तुम्ही बरे आहात ना?"

तेवीस नंबर मी त्याच संध्याकाळी साफ केली. आधी पिनांवर शाळेचं पांढरं खोडरबर, हलक्या हाताने, मग कान कोरायच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल. पहिली काडी काळी निघाली, तिसरी करडी. पाठीवरचा मळही पुसायला घेतला, पण कापसाला किंचित गुलाबी लागलं तसा हात आखडता घेतला. बायको मागून डोकावली. "हा रंग आता मिळत नाही," एवढं म्हणून गेली.

जपानहून आणलेल्या मशीनमध्ये ती चटकन बसली. पिना साठच, नक्कल इमानदार होती. दोनदा नुसता करडा पडदा. तिसऱ्यांदा यादी आली, त्या समुद्राच्या चित्रासकट आणि त्या टिंगटिंग सुरासकट, आणि पहिल्या नंबरावर काँट्रा. मुलगा अर्धा तास खेळला, दर मिनिटाला मेला आणि विचारत राहिला की सेव्ह कुठे करायचं.

पुढच्या रविवारी मी साडेसातलाच हजर. यावेळी दुर्बीण वगैरे काही उचललं नाही, थेट विचारलं, ती पिवळी कॅसेट आली कुठून?

"वाडा पाडला ना पलीकडे. माळ्यावरनं पोतं काढलं."

"त्या पोत्यात अजून होत्या का?"

"होत्या की. सगळ्यांवर नंबर टाकलेले, एकापासून." त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "तुम्ही गेला आणि तासाभराने एक पोरगं आलं. पोतंच उचललं त्यानं, भावसुद्धा केला नाही. मी तर तुम्हाला विचारलं होतं साहेब. तुम्हीच म्हणालात, एक बास."